रेकॉर्ड गाडी आणि नानाकाकांची मिशी

नानाकाकांच्या भाताच्या गिरणीत एक कोपरा आहे. तिथे कोंडा कोणी मुद्दाम टाकत नाही, तो आपोआप जाऊन बसतो. सकाळी झाडून घ्यावा, तर संध्याकाळी पुन्हा ढीग! किश्श्यांचेही तसेच असते. आणि कर्जत स्टेशनच्या पुण्याकडच्या टोकाला, उंबराखाली जे बाकडे आहे, तिथे तर झाडायलाही कोणी येत नाही.

त्या बाकड्यावर रोज संध्याकाळी तीन माणसे, आणि शनिवार-रविवारी चार, बसतात आणि गाड्या बघतात. मी नानाकाकांचा चहा घेऊन जाते, आणि किटली रिकामी होईपर्यंत मागच्या पायरीवर पुस्तक उघडून बसते. माझे आईवडील खालापूरला असतात. तिथे इंग्रजी शाळा नाही म्हणून मी कर्जतला काका-काकूंकडे शिकायला आहे. मी फारशी बोलत नाही. शाळेतल्या मुली मला 'मुकी' म्हणतात. पण न बोलण्यात एक मजा आहे. आपण तिथे आहोत हे लोक विसरतात, आणि मग अगदी मनातले बोलतात!

बाकड्यावरची मंडळी आधी सांगते. नानाकाका, म्हणजे माझे काका, गिरणीचे मालक. त्यांची मिशी एवढी मोठी आहे की गिरणीतून घरी आले की आधी ती झटकावी लागते. दामले मास्तर आमच्या शाळेत गणित शिकवतात. तात्या खालापूरच्या कचेरीत माझ्या वडिलांबरोबर कारकून आहेत. दर शनिवारी ते खोपोलीपर्यंत सायकल मारतात, तिथून छोट्या गाडीने कर्जतला येतात आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी माझ्या हातात ठेवून बाकड्यावर बसतात. चौथा दहिवलीचा गणपा. तो दूध घालायला येतो आणि बसतो. मग त्याची म्हैस रुळापलीकडच्या गवतात एकटीच चरत असते.

स्टेशनमास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची ओळख करून देतात, "हा आमचा बिनपगारी स्टाफ. पगारी स्टाफ उशिरा येतो, पण हे कधी नाही!"

*

कर्जतला प्रत्येक गाडी थांबते. मेल असो, मालगाडी असो, लाटसाहेबांची खास गाडी असो. कारण पुढे घाट आहे, आणि घाट चढायला मागून ढकलणारे एक जादा इंजिन लागते. रेल्वेची माणसे त्याला 'बँकर' म्हणतात. ते बाकड्यासमोरच्याच रुळावर उभे असते.

नानाकाकांना याचा इतका अभिमान आहे की जणू ते इंजिन त्यांच्याच गिरणीचे!

"मुंबईला गाडी थांबते, कारण पुढे समुद्र आहे," ते म्हणतात. "पुण्याला थांबते, कारण लोकांना उतरायचं असतं. पण कर्जतला थांबते ती विनंती करायला. मला ढकला म्हणून!"

*

खालापूरला रेल्वे नाही. म्हणूनच रेल्वेचे सगळ्यात जास्त वेड तात्यांना आहे.

मागे एकदा तात्यांच्या बहिणीने त्यांना भाचीसाठी स्थळ बघायला कर्जतला पाठवले. मुलाचे घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर होते. तात्या नवी टोपी घालून निघाले. गाडीतून उतरले, तर समोर बँकर! नुकताच तेलपाणी करून आणलेला. तात्या म्हणाले, जरा बघून मग जाऊ. बघता बघता मेल आली, मग मालगाडी आली, मग खोपोलीला परत जाणारी शेवटची गाडी आली, आणि तात्या तिच्यात बसून घरी गेले.

घरी सगळे वाट बघत होते. बहिणीने दारातच विचारले, "काय रे, कसा वाटला?"

तात्यांच्या डोळ्यांसमोर अजून तोच होता. ते म्हणाले, "अंगानं दणकट आहे. आवाज जरा मोठा आहे, पण घाट सहज चढेल!"

भाचीने आतून रडायला सुरुवात केली म्हणे. हे माझ्या आईने सांगितले, आणि आईला खुद्द तात्यांच्या बायकोने.

*

यंदा पावसाळा संपल्यावर तात्याच ती बातमी घेऊन आले. मुंबईहून पुण्याला एक गाडी सोडणार. आजवर कोणती गाडी गेली नाही इतक्या वेगात! अगदी रेकॉर्ड करणार! कचेरीत हुकूम आला होता की त्या दिवशी फाटके बंद ठेवा, गुरे रुळावर येऊ देऊ नका आणि गावोगाव दवंडी पिटा.

दवंडी पिटायचे काम खालापूरच्या कोतवालाकडे आले. त्याला 'रेकॉर्ड' हा शब्द चांगला माहीत होता. कचेरीत रेकॉर्डची खोली आहे. सगळ्या तालुक्याच्या जमिनींचे कागद तिथे बासनात बांधून ठेवलेले असतात. तो रोज तिचे कुलूप उघडतो. त्याने ढोलके बडवून सांगितले, "ऐका हो ऐका! रेकॉर्डाची गाडी पुन्याला जानार हाय! लई जोरात जानार हाय! कोनी आडवं जायाचं नाय!"

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर ही गर्दी! लोक भाताची कापणी टाकून आले होते. एक म्हातारी तर पायरीवरच बसली. "माजा उतारा हातात दे, मगच तुजी गाडी जाऊ दे," ती म्हणाली. "रेकॉर्ड पुन्याला गेल्यावर माजं शेत कोनाच्या बापाचं म्हनू?"

तात्यांनी बाहेर येऊन समजावले, "आजी, हे रेकॉर्ड निराळं. हे वेगाचं आहे. गाडी किती जोरात पळते ते बघायचं."

म्हातारीने त्यांच्याकडे कीव येऊन बघितले. "तात्या, कागद घेऊन पळनारा मानूस जोरातच पळतो रं!"

*

शब्दांनी आणखी एकाची अशीच गंमत केली. आमच्या बाजारपेठेत मगनशेटचे किराणा दुकान आहे. लढाई संपली, तरी साखर अजून रेशनवरच मिळते, त्यामुळे मगनशेटला गावात फार मान आहे. कर्जतला एखादी बँक निघावी, अशी त्याची जुनी इच्छा आहे.

तात्या नानाकाकांबरोबर त्याच्या दुकानात काड्यापेटी घ्यायला गेले आणि सवयीने मोठ्याने बोलले, "नाना, रेकॉर्ड गाडीसाठी कर्जतला एक बँकर पुरेल, की दोन लागतील?"

नानाकाका म्हणाले, "एक तर उद्या दुपारीच येतोय. नवा कोरा. थेट मुंबईहून!"

मगनशेटने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रेशमी कोट घालून, हातात झेंडूचा हार आणि नारळ घेऊन स्टेशनवर हजर! मागे दुकानातला नोकर सरबताची तांब्या-भांडी घेऊन उभा.

त्याने स्टेशनमास्तरांना हळूच विचारले, "मुंबईचे बँकर आले का?"

"आले की. मघाशीच आले."

"कुठे आहेत?"

"शेवटी. डब्यांच्या मागे."

"तिसऱ्या वर्गातून आले?" मगनशेट चकित झाला. "फार साधी माणसं!"

तो फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे नवे इंजिन उभे होते आणि ड्रायव्हर बोटांनी खिडकीची काच पुसत होता. मगनशेटने इंजिनाकडे बघितले. मग बाकड्याकडे बघितले. बाकड्यावर चौघेही अतिशय गंभीर चेहरा करून बसले होते. मीही पुस्तकात डोके घातले.

परत फिरावे तर हातात हार! शेवटी त्याने हार इंजिनाच्या कडीला अडकवला, नारळ बफरवर फोडला आणि हात जोडले. ड्रायव्हरला काय वाटले कोण जाणे, त्याने एक लांबलचक शिट्टी दिली.

गणपा म्हणाला, "शेट, तुमी बराबर आलात. गावाचं नावच कर्जत! हितं बँकर येनार नाय तर कुठं?"

सरबत आम्ही सगळे प्यायलो. मगनशेटनेच वाढले. तो मनाने खरोखर चांगला आहे.

*

आणि मग ती शपथ झाली.

त्या संध्याकाळी स्टेशनमास्तर स्वतः बाकड्यापाशी आले. घसा खाकरला. म्हणाले, "नाना, वाईट बातमी आहे. रेकॉर्ड गाडीला चारच डबे आहेत. हलकी आहे. बँकर लागणार नाही."

"मग?"

"मग काय? थांबणार नाही. कर्जतहून सरळ पुढे."

दामले मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तात्यांच्या हातातली बशी तशीच राहिली.

मोठी पंचाईत होती! गाडीने रेकॉर्ड करावे, असे त्या चौघांनाही मनापासून वाटत होते. पण कर्जतला न थांबता? म्हणजे लाटसाहेबांना जे जमले नाही, ते चार रिकाम्या डब्यांना जमणार?

नानाकाका उठून उभे राहिले. "कर्जतला न थांबता घाट चढेल अशी गाडी अजून जन्माला यायची आहे. ही थांबणार! नाही थांबली तर..." त्यांनी इकडेतिकडे बघितले. पणाला लावण्यासारखे जवळपास काहीच दिसेना. मग त्यांचा हात आपोआप वर गेला. "नाही थांबली तर ही मिशी उतरवीन! इथंच, ह्याच बाकड्यावर!"

तात्या म्हणाले, "नाना, विचार करा."

दामले मास्तर म्हणाले, "नाना, मिशी आहे ती, एखादं उदाहरण नाही पुसून टाकायला."

गणपा म्हणाला, "वस्तरा मी आनतो."

*

घरी मी काही सांगितले नाही. पण दहिवलीचे दूध आमच्याकडेच येते, त्यामुळे दुधाबरोबर बातमीही आली.

काकू ताक करत होत्या. त्यांची रवी थांबली. "खरंच म्हणाले? सगळी मिशी?"

मी मान हलवली.

काकूंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आजवर बघितला नव्हता. दिवाळीलासुद्धा नाही. "सुमे," त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ह्या घरातलं अर्धं ताक यांनी प्यायलं आणि अर्धं त्या मिशीनं! आमटी वाढावी, तर मिशीत आधी कढीलिंब अडकतो. यांचा वरचा ओठ कसा आहे हे मला अजून माहीत नाही गं!"

त्या संध्याकाळी देवापुढे निरांजन लावताना काकूंनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "देवा, ती गाडी कर्जतला थांबू देऊ नकोस."

तेवढ्यात नानाकाका पाय धुऊन आत आले. त्यांनीही हात जोडले. तेही पुटपुटले, पण गिरणीत काम करणारा माणूस पुटपुटला तरी शेजारच्या घरात ऐकू जाते. "देवा, कर्जतची लाज राख. गाडी थांबव!"

दोघांनी एकाच वेळी डोळे उघडले. एकमेकांकडे बघितले. मी मध्ये उदबत्ती घेऊन उभी होते.

नानाकाका मला म्हणाले, "ती उदबत्ती माझ्या बाजूला लाव."

*

शाळेत तर हसून हसून पोट दुखले. दामले मास्तरांना दुसरे काही सुचतच नव्हते. ते रोज फळ्यावर रेकॉर्ड गाडीचीच उदाहरणे घालायचे. घाटाचा चढ किती, डब्यांचे वजन किती, गाडी लोणावळ्याला किती वाजता पोचेल. एकदा वर्गातल्या वामनचे उत्तर असे आले की गाडी मुंबईहून सुटायच्या आधीच पुण्याला पोचत होती. मास्तरांनी त्याला रागावण्याऐवजी खडू हातात घेऊन बराच वेळ विचार केला!

नेमके त्याच आठवड्यात शाळेचे तपासनीस आले. सगळे त्यांना दीपोटीसाहेब म्हणतात. मोठा कोट, मोठी छत्री. त्यांनी फळ्यावरचे उदाहरण वाचले आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारले, "समज, ही गाडी कर्जतला थांबली. तर काय फरक पडेल?"

मास्तर मागून बोटांनी खुणा करत होते. वेळ वाढेल, वेळ वाढेल.

मुलगा उभा राहिला. "साहेब, नानांची मिशी राहील."

"आणि नाही थांबली तर?"

"तर जाईल."

दीपोटीसाहेबांनी मास्तरांकडे बघितले. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. मग साहेब हळूच म्हणाले, "मास्तर, हे उदाहरण पुस्तकात दिसत नाही. पण त्या दिवशी माझा मुक्काम नेरळला आहे. बाकड्यावर जागा होईल का?"

*

पुढचा किस्सा म्हशीचा.

गणपाची म्हैस रोज नेमकी रेकॉर्ड गाडीच्या वेळेलाच रुळापलीकडच्या गवतात असते. दवंडी सगळ्यांनी ऐकली होती, गुरे बांधून ठेवायची. पण गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी नानाकाका फिरायला म्हणून निघाले, ते थेट दहिवलीला पोचले. खांद्यावर कोंड्याचे पोते! मला त्यांनी बरोबर घेतले होते, कारण मी कोणाला काही सांगत नाही.

नानाकाकांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "गणपा, काय तिची कांती आहे रे! असं जनावर बांधून ठेवतात का कधी? मुकं जनावर. त्याला मोकळं चरू द्यावं माणसानं."

"उद्याच्याला?"

"मी कुठं उद्या म्हटलं? मी आपलं साधारण म्हणतोय."

गणपाने पोते आत घेतले. "नाना, तुमी मोठी मानसं. तुमचं ऐकायला नगो व्हय?"

दुपारी काकूंनी मला पुन्हा दहिवलीला पाठवले. डब्यात लाडू होते. रेशनची साखर पुरवून पुरवून केलेले, सणाला ठेवलेले! निरोप एवढाच होता, "म्हैस बांधून ठेव म्हणावं. घट्ट."

मी डबा पुढे केला आणि कसाबसा निरोप सांगितला. गणपाने एक लाडू तिथेच तोंडात टाकला. "काकूंना म्हनावं, बांधतो. काळजी करू नगा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला माझा प्रश्न न विचारताच कळला.

"आगं पोरी, कोंडा म्हशीनं खाल्ला, लाडू मी खाल्ला. दोगांचंबी ऐकाया नगो? म्हैस बांधीन, पन दावं लांब ठेवीन!"

*

गाडीच्या दिवशी सकाळपासून घड्याळांवरून भांडण सुरू झाले. रेकॉर्ड म्हटले की वेळ अचूक हवी. नानाकाका गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावतात, आणि गिरणीचा भोंगा नानाकाकांच्या घड्याळावर वाजतो. त्यामुळे ते दोन्ही नेहमी बरोबर असतात. दामले मास्तरांनी शाळेतल्या शर्यतींचे टिकटिक घड्याळ आणले होते. ते दाबले की चालते, पण पुन्हा दाबले की थांबेलच असे नाही.

तात्यांचे घड्याळ सासऱ्यांनी दिलेले. ते फक्त तात्या चालत असले तरच चालते! बसले की तेही बसते. म्हणून तात्या फलाटावर येरझारा घालत होते, आणि मध्येच कोणी हाक मारली तर जागच्या जागी पावले उचलत बोलत होते.

दीपोटीसाहेब नेरळहून आले. त्यांनी हा प्रकार बघितला आणि स्वतःचे घड्याळ खिशात टाकले.

*

आता ती गाडी.

फलाटावर फक्त बिनपगारी स्टाफला आणि त्यांच्या माणसांना उभे राहायची परवानगी होती. बाकी सगळा गाव कुंपणाबाहेर. मगनशेट रेशमी कोटातच होता. खालापूरची ती म्हातारीसुद्धा आली होती, पदरात उताऱ्याची घडी बांधून. काकू उंबराला टेकून उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या गाडी बघायला आल्या होत्या. बाकड्याखाली गणपाने आणलेला वस्तरा, वाटी आणि साबण नीट मांडून ठेवला होता. धोंडू न्हावी शेजारी उकिडवा बसला होता.

मी माझ्या पायरीवर होते. तिथून फलाट दिसतो, पुढचे वळण दिसते आणि गवतही दिसते.

गवतात म्हैस होती. दावे होते, पण लांब होते. ती कोंड्याच्या वासाने असेल किंवा आणखी कशाने, एकेक पाऊल टाकत रुळाच्या खडीपर्यंत आली. तिथे दावे संपले. मग तिने फक्त मान लांब केली.

नेरळच्या बाजूने तारा झणझणल्या. कुंपणाबाहेर आरडाओरडा सुरू झाला. आणि गाडी आली.

किती सुंदर होती, काय सांगू! चारच डबे, पण नुकते धुतल्यासारखे. कर्जतच्या फलाटाशी सगळ्याच गाड्यांना वेग कमी करावा लागतो, तशी तीही सावकाश आत आली. इंजिन माझ्यासमोरून पुढे गेले, आणि ड्रायव्हरने म्हैस बघितली. म्हशीनेही ड्रायव्हरला बघितले. करकर आवाज झाला. शिट्टी झाली. म्हशीने मान मागे घेतली. पुन्हा शिट्टी झाली, आणि गाडी वळणावरून घाटाकडे दिसेनाशी झाली.

फलाटावर फक्त तारांचा आवाज राहिला.

"थांबली!" नानाकाका ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी मिशी धरली होती, आणि डोळे अजून मिटलेलेच होते.

"मुळीच नाही थांबली!" काकू म्हणाल्या. पण त्या सगळा वेळ नानाकाकांच्या मिशीकडेच बघत होत्या.

"मास्तर, तुम्ही सांगा!"

दामले मास्तर खाली मान घालून टिकटिक घड्याळाशी झटत होते. "मी वेळ बघत होतो. गाडी बघायची राहिलीच."

तात्या फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होते. घड्याळ चालू राहावे म्हणून चालत गेले होते, आणि नेमकी त्यांची पाठ होती! दीपोटीसाहेब तात्यांकडे बघत हसत होते. स्टेशनमास्तरांचा हिरवा बावटा वाऱ्याने त्यांच्याच तोंडाला गुंडाळला होता. गणपाने तर हातच वर केले. "मी म्हशीकडं बगत व्हतो. माजी म्हैस हाय ती!" कुंपणाबाहेर अर्धे लोक थांबली म्हणत होते, अर्धे नाही म्हणत होते.

इतक्या दिवसांची वाट, आणि गाडी कोणी बघितलीच नव्हती!

मग गणपाने बोट दाखवले. "ती बगा. पायरीवरची. ती सगळं बगती."

सगळे वळले. माझे कान गरम झाले. त्या बाकड्याशी मी आजवर एक वाक्यही बोलले नव्हते.

"सुमे," नानाकाका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. "बाळ, सांग. थांबली ना?"

"खरं तेच सांग हो," काकू म्हणाल्या. त्यांचाही आवाज मऊच होता.

खाली बघून चालणार नव्हते. मी उभी राहिले.

"अर्धी थांबली."

"म्हणजे?"

"पुढची अर्धी थांबली. इंजिन थांबलं, पहिला डबा थांबला, दुसरा थांबला. शेवटचे दोन डबे थांबायच्या आत इंजिन पुन्हा निघालं. ते थांबलेच नाहीत."

सगळे माझ्याकडेच बघू लागले. माझे एवढे लांब बोलणे ऐकून त्यांना धक्का बसला होता, की गाडीमुळे, मला सांगता येणार नाही.

शेवटी दामले मास्तर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे."

"म्हणजे मी जिंकलो?" नानाकाका म्हणाले.

"अर्धे," मास्तर म्हणाले.

"मग मी?" काकूंनी विचारले.

"तुम्हीही अर्ध्या."

"म्हणजे मिशीही अर्धीच जाणार," दीपोटीसाहेब मान डोलावत म्हणाले. मगनशेटनेही कुंपणाबाहेरून मान डोलावली. गाडीने पुढे रेकॉर्ड केले की नाही, हे त्या दिवशी कोणीच विचारले नाही.

नानाकाका ताठ मानेने बाकड्यावर बसले. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या, पदर खोचून. धोंडू न्हाव्याने साबण फेसला, वस्तरा उघडला, मिशीच्या डाव्या टोकाकडे बघितले, उजव्या टोकाकडे बघितले, पुन्हा डाव्या टोकाकडे बघितले आणि वस्तरा खाली घेतला.

"नाना," तो म्हणाला, "ह्यातलं इंजिन कोंचं, अन् शेवटचा डबा कोंचा?"